इमान आणि वतन

मराठीत ‘इमान’ हा शब्द आपण निष्ठेसाठी वापरतो. धन्याशी इमान राखणारा चाकर, मातीशी इमान राखणारा शेतकरी, असे आपण म्हणतो. उर्दूत ‘ईमान’ म्हणजे श्रद्धा, अल्लाहवरचा विश्वास. शब्द एकच, पण मराठीत येताना तो मशिदीतून निघून राजाच्या दरबारात जाऊन बसला. ‘वतन’ या शब्दाचेही असेच आहे. मराठी दप्तरात वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जमिनीचा किंवा कामाचा हक्क, पाटीलकीचे वतन, कुलकर्ण्याचे वतन. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. दिवसभर उर्दूत शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हे दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात. त्यातून एक प्रश्न उभा राहतो. माणसाची निष्ठा येते कुठून? रक्तातून, धर्मातून, की दिलेल्या आणि पाळलेल्या शब्दातून?

या प्रश्नाचा विचार करायला मी पोलंडच्या राजांचा इतिहास निवडला आहे. मराठी वाचकाला पोलंड म्हटले की कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले. पण त्या लोकांच्या मागे राजघराण्यांचा आठशे वर्षांचा जो इतिहास होता, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत राजाचा मुलगा राजा झाला आणि प्रश्न तिथेच मिटला. पोलंडमध्ये मात्र राजवंशाचा धागा पुन्हा पुन्हा तुटला आणि प्रत्येक वेळी लोकांना विचारावे लागले की, आता आपण कोणाचे आणि का?

पहिले घराणे प्यास्त. या घराण्यातील मिएश्को या शासकाने ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पोलंडचा लिखित इतिहास सुरू झाला. १०२५ मध्ये त्याचा मुलगा बोलेस्लाव याला राजमुकुट मिळाला. पुढे ११३८ मध्ये राज्य भावाभावांत वाटले गेले. ते पुन्हा जोडायला १३२० साल उजाडले. या घराण्याचा शेवटचा राजा काझिमिएझ याला इतिहास ‘थोर’ म्हणतो. त्याने कायदे एकत्र केले, १३६४ मध्ये क्राकोव्ह शहरात विद्यापीठ काढले, आणि ज्यूंना पूर्वी एका प्रांतात मिळालेली संरक्षणाची सनद आपल्या राज्यात कायम केली. १३७० मध्ये तो वारला तेव्हा गादीवर बसायला त्याला औरस मुलगा नव्हता. चारशे वर्षांचे रक्त तिथे आटले.

गादी त्याच्या भाच्याकडे, हंगेरीच्या लायोश राजाकडे गेली. लायोशलाही मुलगा नव्हता, मुली होत्या. मुलीला गादी मिळावी म्हणून त्याने १३७४ मध्ये सरदारांशी सौदा केला. सरदारांच्या जमिनीवरचा कर नाममात्र राहील आणि त्या बदल्यात सरदार मुलीचा हक्क मान्य करतील, असे ठरले. त्याप्रमाणे १३८४ मध्ये दहा-अकरा वर्षांच्या यादविगाला मुकुट घालण्यात आला. तिला ‘राणी’ म्हणून नव्हे, ‘राजा’ या पदवीने गादीवर बसवण्यात आले. १३८६ मध्ये तिचे लग्न लिथुआनियाचा महाड्यूक योगाइला याच्याशी झाले. योगाइला तोवर ख्रिस्ती नव्हता. बाप्तिस्मा, लग्न आणि राज्याभिषेक असे तिन्ही त्या काही आठवड्यांत उरकले. त्याच्यापासून यागिएलोन घराणे सुरू झाले.

या योगाइलाची मोठी अडचण होती. त्याच्या अंगात प्यास्त रक्त नव्हते. यादविगा १३९९ मध्ये वारली आणि तिच्यामागे मूल राहिले नाही. पुढे नंतरच्या एका राणीपासून झालेल्या मुलांना गादी मिळावी यासाठी त्यालाही सरदारांकडे यावे लागले. १४३० च्या सुमारास त्याने त्यांना वचन दिले की, न्यायालयाच्या निवाड्याशिवाय कोणाही सरदाराला कैद केले जाणार नाही. १५०५ मध्ये त्याच्या नातवाने कबूल केले की, सभेच्या संमतीशिवाय नवा कायदा होणार नाही. म्हणजे पाहा, रक्त जेवढे कमी पडले, तेवढा शब्द वाढत गेला. राजा जिथे ‘मी अमक्याचा मुलगा’ एवढे सांगून भागवू शकत नव्हता, तिथे त्याला ‘मी हे करीन आणि हे करणार नाही’ असे सांगावे लागले.

१५७२ मध्ये शेवटचा यागिएलोन राजा झिगमुंट ऑगस्ट निपुत्रिक वारला. आता सौदा करायलाही घराणे उरले नव्हते. सरदारांनी ठरवले की राजा निवडायचा. पण राजा निवडण्याआधी, जानेवारी १५७३ मध्ये वॉर्सा येथे जमून त्यांनी एक करारनामा केला. धर्माविषयी आपल्यात मतभेद आहेत, तरी त्यापायी आपण एकमेकांचे रक्त सांडणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच्या अवघे पाच महिने आधी पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची भीषण कत्तल झाली होती. ज्याला राजा करण्याचे घाटत होते तो हेन्री त्याच फ्रेंच राजघराण्यातला होता. म्हणून त्याच्यापुढे अटींचा कागद ठेवला गेला. धार्मिक शांतता पाळावी, दर दोन वर्षांनी सभा बोलवावी, संमतीशिवाय कर बसवू नये. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची होती. राजाने शब्द मोडला तर प्रजा त्याच्या आज्ञेतून मुक्त होईल. हेन्री शपथेला कां-कूं करू लागला तेव्हा, शपथ नाही तर राज्यही नाही, असे त्याला सुनावण्यात आले, असे सांगितले जाते. त्याने शपथ घेतली. पण १५७४ च्या जूनमध्ये फ्रान्सचा राजा असलेला त्याचा भाऊ वारल्याची बातमी आली आणि हेन्री रातोरात पळून गेला. इकडे वाट पाहून गादी रिकामी जाहीर झाली आणि दुसरा राजा निवडला गेला.

इथे मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, निष्ठा ही एकतर्फी नसते, हे १५७३ मध्ये कागदावर लिहून ठेवणारे लोक होते. आपल्याकडे ‘निमकहराम’ हा शब्द नेहमी चाकरासाठी वापरला जातो, धन्यासाठी कधीच नाही. जणू मीठ फक्त चाकरच खातो. पोलंडच्या सरदारांनी सांगितले की, राजाही प्रजेचे मीठ खातो. दुसरी गोष्ट तेवढीच खरी आहे. हा करार सर्वांसाठी नव्हता. तो सरदारांचा होता. शेतात राबणाऱ्या कुळांना तो लागू नव्हता. १५२० च्या कायद्याने त्यांच्यावर मालकाच्या शेतात आठवड्याला किमान एक दिवस वेठ लादली गेली होती, आणि पुढे ते दिवस वाढतच गेले. ज्यांच्याशी कोणी कधी करारच केला नाही, त्यांच्याकडून इमान मागायचे कोणत्या तोंडाने?

आता या कथेतल्या मुसलमानांकडे वळतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस योगाइलाचा चुलतभाऊ विताउतास याने लिथुआनियात तातार घोडेस्वारांना वसवले. त्यांना जमिनी दिल्या, मशिदी बांधण्याची आणि आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. बदल्यात युद्धाच्या वेळी त्यांनी घोडा आणि हत्यार घेऊन हजर व्हायचे होते. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत ते राजाच्या बाजूने ट्युटॉनिक सरदारांविरुद्ध लढले. पिढ्या गेल्या. त्यांची तातार भाषा विसरली गेली. घरात ते बेलारूसी आणि पोलिश बोलू लागले, पण लिहिताना अरबी लिपी वापरत राहिले. दुआ, किस्से, नसीहती असलेल्या त्यांच्या हस्तलिखित ‘किताबा’ आजही जपून ठेवलेल्या आहेत. भाषा पोलिश, लिपी अरबी. उर्दू शाळेत शिकवणारीला हे वाचून परके वाटत नाही.

पण सरदारांना जे पूर्ण हक्क होते ते तातारांना नव्हते. राजाच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते, सभेत जागा नव्हती. सतराव्या शतकात वातावरण बदलले. त्यांच्या जुन्या सवलती कमी होऊ लागल्या, मशिदींच्या बांधकामावर बंधने आली. त्यातच राज्याची तिजोरी रिकामी झाली आणि फौजेचा पगार थकला. १६७२ मध्ये तुर्कांनी पोलंडवर स्वारी केली तेव्हा तातारांच्या अनेक तुकड्या, सुमारे तीन हजार स्वार, पोलंडची चाकरी सोडून तुर्कांना जाऊन मिळाले.

यांना काय म्हणावे? सरळ उत्तर देणारे म्हणतील, धर्माने मुसलमान होते, मुसलमान सुलतान आला तसे त्याला मिळाले, यात नवल काय? पण हे उत्तर चुकीचे आहे, कारण त्याआधी जवळजवळ पावणेतीनशे वर्षे धर्म तोच होता आणि ते पोलंडच्या बाजूने लढत होते. १६७२ मध्ये त्यांचा धर्म बदलला नव्हता. त्यांना दिलेला शब्द बदलला होता.

इथे तुलना करण्याचा मोह आवरत नाही. १६५५ मध्ये स्वीडनचा राजा पोलंडवर चालून आला तेव्हा पश्चिम पोलंडच्या सरदारांची फौज उइश्चे येथे त्याला शरण गेली आणि तिने त्याचे छत्र स्वीकारले. १६०६ मध्ये आणि पुन्हा १६६५ मध्ये मोठे सरदार स्वतःच्याच राजाविरुद्ध हत्यार घेऊन उभे राहिले. त्यासाठी त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द होता आणि तो शिवीचा नव्हता. राजाने शब्द मोडला तर प्रजा मुक्त, या अटीचा त्यांनी आधार घेतला. सरदाराने आज्ञा मोडली तर तो हक्क, आणि तातारांनी मोडली तर ती गद्दारी, असा हा हिशेब आहे. एकाच कृत्याला दोन नावे मिळतात तेव्हा कृत्य नव्हे, करणारा कोण आहे ते पाहून निकाल दिला जात असतो.

तरीही मी त्या तातारांना पूर्ण निर्दोष ठरवणार नाही. चाकरी सोडणे एक, आणि ज्या मुलुखात आपण राहिलो त्याच मुलुखावर तुर्की फौजेबरोबर स्वारी करणे दुसरे. तिथल्या गरीब खेडुतांनी त्यांचा पगार अडवला नव्हता. मशिदीवरची बंधने त्यांनी घातली नव्हती. ज्याने शब्द मोडला त्याच्याशी तुमचा झगडा. ज्याने तुमचे काहीच बिघडवले नाही त्याचे घर का जळावे? अन्याय झाला म्हणजे अन्याय करण्याचा परवाना मिळत नाही, हे आपला धर्मही सांगतो आणि साधी माणुसकीही सांगते.

बंड केलेल्यांपैकी अनेकांचा तुर्कांकडे गेल्यावरही भ्रमनिरास झाला. इकडे सेनापती यान सोबिएस्की १६७४ च्या मे महिन्यात पोलंडचा राजा निवडला गेला. त्याच उन्हाळ्यात, ६ जून रोजी, इकडे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सोबिएस्कीपुढे दोन रस्ते होते. गद्दार म्हणून तातारांचा सूड घ्यायचा, किंवा मोडलेला शब्द दुरुस्त करायचा. त्याने दुसरा रस्ता धरला. परत येणाऱ्यांना माफी मिळाली, जुने हक्क परत मिळाले. थकलेला पगार द्यायला तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून १६७९ मध्ये त्याने राजाच्या खासगी जमिनीतून त्यांना गावे तोडून दिली. क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी ही त्यांपैकी दोन गावे आजच्या पोलंडच्या ईशान्य भागात आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर राजाने त्यांना सनद देऊन वतन दिले.

चार वर्षांनी, १२ सप्टेंबर १६८३ रोजी, व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा सोबिएस्कीने मोडला. त्याच्या फौजेत तातार स्वार होते. समोर तुर्कांच्या बाजूनेही तातार होते. चेहरा सारखा, पोशाख सारखा, दीन एकच. आपला कोण हे ओळखू यावे म्हणून सोबिएस्कीच्या तातारांनी शिरस्त्राणात गवताची काडी खोवली, असे सांगतात.

वर्गात हा भाग सांगितला तेव्हा एका मुलाने विचारले, “टीचर, मग त्यांच्यात गद्दार कोण, हे की ते?” मुलांचे प्रश्न असेच सरळ असतात. मी त्याला उलट विचारले, “दोघांनीही ज्याला शब्द दिला त्याच्याशी तो पाळला, तर गद्दार कोण?” तो म्हणाला, “मग कुणीच नाही.” थोडा वेळ गप्प राहून पुढे म्हणाला, “पण दोघांनाही कुणीतरी गद्दार म्हणालंच असेल ना?” यावर मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

आता दुसरी बाजू तपासू. निष्ठा म्हणजे करार, असे म्हटले की धोका हा की, करार म्हणजे सौदा होऊन बसतो. पोलंडचे सरदार याच वाटेने घसरले. १६५२ मध्ये एका सभासदाने एकट्याच्या नकाराने सभेची मुदतवाढ अडवली. पुढे ती रीत झाली. एका माणसाने ‘मला मान्य नाही’ म्हटले की सगळी सभा बरखास्त, आणि तिने केलेले सगळे कायदे रद्द. सदसद्विवेकाच्या रक्षणासाठी असलेला नकार बाजारात विकायला आला. शेजारच्या राजांचे वकील पैसे देऊन नकार विकत घेऊ लागले. ऑगस्ट तिसरा याच्या १७३३ ते १७६३ या तीस वर्षांच्या कारकिर्दीत फक्त एकच सभा यशस्वीपणे पार पडली. त्याचा बाप ऑगस्ट दुसरा याने तर १६९७ मध्ये गादीसाठी आपला प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथॉलिक पंथ घेतला होता. व्हिएन्नाच्या विजेत्या सोबिएस्कीच्या मुलाला डावलून हा बाहेरचा राजा निवडला गेला होता. शब्द होता, शपथ होती, कागदही होता. पण शब्दामागे जे मन लागते ते उरले नव्हते. दुसऱ्याने शब्द मोडला का, एवढेच पाहायचे आणि आपण तो विकायचा, याला करार म्हणत नाहीत.

म्हणून मला वाटते, मराठीतले इमान उर्दूतल्या ईमानाशिवाय टिकत नाही. मजेची गोष्ट अशी की पोलिश भाषेतही श्रद्धेला ‘व्यारा’ आणि निष्ठेला ‘व्येर्नोश्च’ म्हणतात, आणि दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. माणूस ज्याच्यापुढे एकांतात जबाबदार असतो, मग तो त्याचा ईश्वर असो की त्याचे मन, त्याच्याशी तो प्रामाणिक नसेल तर राजाशी कशाला राहील? ज्या तातारांनी तीन शतके पराया मुलुखात आपला दीन विकला नाही, त्यांचा शब्द राजाने भरवशाचा मानायला हवा होता. एकदा दिलेले सोडत नाही असा तो माणूस आहे, हीच त्याची जामिनकी. अल्पसंख्याकाचे धर्मावरचे प्रेम पाहून त्याच्या देशप्रेमाविषयी शंका घेणारे उलटा हिशेब मांडतात.

शेवटी काय झाले तेही पाहू. १७६४ मध्ये निवडलेला स्तानिस्लाव ऑगस्ट हा पोलंडचा शेवटचा राजा. १७७२ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने देशाचा पहिला लचका तोडला. सावध झालेल्या पोलंडने ३ मे १७९१ रोजी नवी राज्यघटना केली. एकट्याचा तो नकार रद्द झाला. निवडणूक बंद करून गादी पुन्हा वंशपरंपरेने द्यायचे ठरले. दोनशे वर्षे राजे निवडून थकलेला देश पुन्हा रक्ताकडे वळला. काही बड्या सरदारांना हे रुचले नाही. त्यांनी रशियाची मदत घेतली. १७९२ च्या जुलैमध्ये खुद्द राजाच त्यांना जाऊन मिळाला. १७९३ मध्ये दुसरी फाळणी झाली, १७९५ मध्ये तिसरी, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजाने राजपदाच्या त्यागावर सही केली. पुढे १२३ वर्षे पोलंड नकाशावर नव्हता.

त्याच १७९२ मध्ये रशियाविरुद्ध लढणाऱ्यांत यूझेफ बिएलाक नावाचा सेनानी होता. १७९४ च्या उठावात विल्नियसच्या लढाईत याकूब अझुलेविच हा कर्नल मारला गेला. दोघेही तातार मुसलमान. ज्या राजासाठी ते उभे होते त्याने बाजू बदलली होती, ज्या सरदारांना सर्व हक्क होते त्यांतल्या काहींनी देश परक्याच्या हाती दिला होता. पण सोबिएस्कीच्या सनदेला तोवर शंभरहून अधिक वर्षे झाली होती. जे जमिनीचे वतन म्हणून मिळाले, ते आता मायभूमी या अर्थाने वतन झाले होते. राजा गेला तरी ते राहिले. मला वाटते, माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. निष्ठेची सुरुवात पाळलेल्या शब्दाने होते. पण एखाद्या भूमीने आपल्याला माणूस म्हणून जागा दिली आणि आपली माणसे तिथे दफन झाली, की मग ती निष्ठा कोणा एका राजाच्या वागण्यावर अवलंबून राहत नाही.

क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी इथल्या लाकडी मशिदी आजही उभ्या आहेत. शेजारच्या कब्रस्तानांत तातारांच्या पिढ्या झोपल्या आहेत. २०१२ मध्ये पोलंडने या दोन्ही स्थळांना राष्ट्राचा ऐतिहासिक वारसा म्हणून मान दिला. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, क्रुशिन्यानीच्या मशिदीच्या भिंतीवर कोणीतरी रात्रीतून द्वेषाचे चित्र रंगवले. सनद मिळून तेव्हा ३३५ वर्षे झाली होती. ज्याने हातात रंग घेतला त्याचे घराणे त्या मातीत किती वर्षांपासून आहे, हे त्याला कोणी विचारले नसेल. आणि तातारांना मात्र अजून किती वर्षांनी विचारणे बंद होईल, हे ज्याचे त्याने आपल्या ईमानाला विचारावे.